परीक्षेतली आई

रडायला मला कांदा लागत नाही. उमेदवार बाहेर जाऊन एकमेकांना सांगतात म्हणे, की म्हातारी रुमालात कांदा लपवून बसते. सांगोत बापडे. तीस वर्षं मी रुग्णालयाच्या चौकशीच्या खिडकीत काढली आहेत. कुठला वॉर्ड कुठे, कुणाला कुठे हलवलं, शवागाराकडे कुठल्या दारानं जायचं, सगळं त्या हातभर खिडकीतून सांगितलं. माणसं कशी रडतात हे मला कुणी शिकवायला नको. काही गळा काढतात, काही हसत सुटतात, आणि काही तर मेलेल्याचं नाव सांगून झाल्यावर विचारतात, इथे गाडी लावली तर चालेल का. ते सगळं माझ्या डोक्यात साठत गेलं.

निवृत्त झाले आणि वर्षभरात आमच्या बिशपसाहेबांनी बोलावून घेतलं. आमचं चर्च अँग्लिकन. आमच्यात कुणाला पाळक व्हायचं असेल तर नुसती भक्ती पुरत नाही, परीक्षा असते. सकाळी धर्मशास्त्राची तोंडी परीक्षा. त्रैक्य म्हणजे काय, कृपा म्हणजे काय, येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस कसा. एक शब्द इकडचा तिकडे झाला की परीक्षक चष्मा काढून पुसायला लागतात. दुपारी पाळकीय परीक्षा, म्हणजे दुःखात बुडालेल्या माणसाशी पंधरा मिनिटं बोलून दाखवायचं. आता परीक्षेसाठी खरा दुःखी माणूस कुठून आणणार? म्हणून खोटा बसवतात.

"आम्हाला एक आई हवी आहे," बिशपसाहेब म्हणाले.

"मेलेल्या मुलाची ना? जमेल," मी म्हटलं.

तेव्हापासून अकरा वर्षं मी परीक्षेतली आई आहे. एक पोस्टमास्तर आहेत, तेही निवृत्त, ते परीक्षेतले विधुर. खोली ठरलेली, वरच्या मजल्यावरची. समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये बुटकं टेबल, त्यावर पाण्याचा ग्लास. तीन परीक्षक उमेदवाराच्या पाठीमागे भिंतीला लागून बसतात. त्यांना माझा चेहरा दिसतो आणि उमेदवाराची पाठ. उमेदवाराचा चेहरा खोलीत फक्त मला दिसतो, आणि खरं सांगू का, त्यासाठीच मी जाते. चांगली शिकलीसवरलेली माणसं, ग्रीक येतं, हिब्रू येतं, आणि मी एक हुंदका दिला की तोंडचं पाणी पळतं. चौदा जणांना मी रडवलंय. दोघांना मोरीकडे धावावं लागलं. एका शहाण्यानं मला लगेच वचन ऐकवलं, की देव सगळ्या गोष्टी मिळून भल्यासाठी करतो. मी म्हटलं, "हे तुझ्या आईला आत्ताच लिहून दे. तू मेलास की तिच्या उपयोगी पडेल." तो पुढच्या वर्षी आला नाही.

परीक्षेची एक युक्ती आहे, ती सांगायला हवी. प्रत्येक केसमध्ये, म्हणजे आम्ही सांगतो त्या कहाणीत, एक गोष्ट दडलेली असते. आई म्हणते, मूल तळ्यात बुडालं. दडलेलं हे, की ती तेव्हा काठावर झोपली होती. उमेदवारानं तिथपर्यंत पोचायचं, हळूच, न बोचकारता. निम्मे गुण त्याचेच. पण उमेदवार बाहेर जाऊन केस फोडतात, म्हणून ऐनवेळी केस बदलायची आम्हाला मुभा असते. फक्त उमेदवार गेल्यावर परीक्षकांना सांगायचं की दडलेलं काय होतं. आणि दडलेलं काहीच नसेल, उमेदवार उगाच उकरत बसला असेल, तर तो नापास. पाळक मंडळींना तिथपर्यंत न पोचणाऱ्यापेक्षा उगाच दुखावणाऱ्याची भीती जास्त.

नऊ वर्षांपूर्वी माझा स्वतःचा मुलगा गेला. एकुलता एक. लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावर असताना मेंदूत रक्तस्राव झाला आणि अकरा दिवस मशीनवर होता. नंतर बिशपसाहेब म्हणाले, "आता हे काम तुम्ही नका करू." मी म्हटलं, "आता तर जास्त चांगलं जमेल." आणि जमलंच.

आता सुनेबद्दल.

ती रुग्णालयाच्या धुलाई विभागात कामाला होती. चादरी, गाऊन, रक्ताचे डाग. नवरा गेल्यावर बाई एकदम चर्चच्या मागे लागली. तीन वर्षं संध्याकाळचे वर्ग केले आणि डीकन झाली. डीकन म्हणजे पाळकाच्या खालची पायरी. आजाऱ्याकडे जावं, शास्त्रपाठ वाचावा, प्रभुभोजनात प्याला धरून रांगेसमोरून फिरावं. पण मंडळी गुडघे टेकून पापं कबूल करते तेव्हा उभं राहून, हात वर करून क्षमा जाहीर करायची, तो अधिकार पाळकाचाच. आमचे पाळक थकले होते. त्यांच्या जागी हीच येणार, हे सगळी मंडळी धरून चालली होती. आजारी माणसं तर पाळकांना सोडून हिलाच बोलवायची.

फक्त परीक्षा तेवढी राहिली होती. दोनदा ती धर्मशास्त्रात आपटली. तिसरी वेळ शेवटची. त्यात तिचं वय चव्वेचाळीस, आणि पंचेचाळीस पूर्ण झाली की आमच्याकडे दीक्षा देत नाहीत. वर्षभर ती पहाटे उठून स्वयंपाकघरात पाठ करायची. मी अंथरुणातून ओरडायचे, "अगं, तुझ्या त्रैक्यापायी दूध उतू गेलं!" ती ओटा पुसायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आम्ही एकाच घरात राहत होतो. ती मला औषधं काढून द्यायची, माझी नखं कापायची. मी तिच्याशी कामापुरतं बोलायचे. कारण माझ्या मुलाचं मशीन बंद करायच्या कागदावर तिनं सही केली होती. हे मी लपवलं नाही. दफनाच्या दिवशीच सगळ्यांना सांगितलं. नणंदा, जावा, शेजारी, कोण कोण. "सही हिनं केली." तेव्हापासून आमच्या नातेवाइकांत तिला कुणी लग्नाला बोलावत नाही.

आणि आता ही वेदीपाशी उभी राहणार. मी खाली गुडघ्यांवर. ही हात वर करून म्हणणार, देवानं तुझ्या पापांची क्षमा केली आहे. माझ्या! नुसत्या विचारानं अंगाचा तिळपापड व्हायचा.

बिशपसाहेबांना नातं ठाऊक होतं. त्यांनी मला आधीच बजावलं होतं, तुमची सून पोस्टमास्तरांकडे जाईल. परीक्षक बाहेरगावचे होते, त्यांना काही माहीत नव्हतं. वशिला नको म्हणून उमेदवार नावानं नाही, नंबरानं ओळखले जातात. तिचा नंबर चार. पांढऱ्या झग्यावर तो कागद सकाळी मीच पिनेनं लावून दिला.

"सरळ आहे ना, आई?" तिनं विचारलं.

"सरळ आहे. जा," मी म्हटलं.

सकाळची परीक्षा तिनं मारली. जेवणाच्या सुट्टीत प्राचार्य, म्हणजे परीक्षकांतले मोठे, दुसऱ्या परीक्षकाला सांगत होते, "चार नंबर बघितलात? कृपेवर काय बोलली! पुस्तकातलं नव्हतं ते." मी चहा ढवळत ऐकत होते. माझा चहा तसाच राहिला.

मग मी उठले आणि पोस्टमास्तरांना गाठलं. म्हटलं, "मास्तर, तुमचा खोकला काय म्हणतोय? चार नंबर मी घेते, तुम्ही माझा सहा घ्या. तेवढीच विश्रांती." ते बिचारे माझे आभार मानायला लागले. नंबरामागे कोण आहे हे त्यांना कुठे माहीत होतं!

तिनं दार उघडलं, मला बघितलं आणि हँडल धरून तिथेच थबकली. नियम असा की ओळखीचं माणूस असेल तर लगेच सांगायचं. मग परीक्षा थांबते आणि पुढच्या वर्षी होते. पण तिला पुढचं वर्षच नव्हतं. हे मी जेवणाच्या आधीच मनाशी पक्कं करून ठेवलं होतं. ती दार लावून आत आली.

"चार नंबर, सुरू करा," आर्चडीकन मागून म्हणाले. हे दुसरे परीक्षक, घड्याळ यांच्या हातात.

"मी इथे बसू का, आई?" तिनं विचारलं. मला सगळे उमेदवार आईच म्हणतात, त्यामुळे मागच्या तिघांना काही वाटलं नाही.

"बस की. सगळे येऊन बसतात. आणि सगळ्यांना उठायची घाई."

"मला घाई नाही."

ती बसली. चांगलं बसली. हात मांडीवर, मान किंचित कलती. मी ठरवून आले होते, त्याप्रमाणे सुरू केलं. म्हटलं, माझा एकुलता एक मुलगा गेला. लिफ्ट दुरुस्त करायचा. अकरा दिवस मशीनवर होता. तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं, पण ती जागची हलली नाही.

"कसा होता तो? सांगाल मला?" ती म्हणाली.

हे तिनं विचारायला नको होतं. दहा वर्षं त्याच्या शेजारी झोपलेली बाई मला विचारते, कसा होता! डोक्यात तिडीकच गेली.

"लग्न होईपर्यंत हसरा होता," मी म्हटलं. "मग बायको आली. चादरी धुणारी. घरात आली की तिच्या अंगाला फिनेलचा वास. दहा वर्षांत एक मूल नाही झालं तिला. माझा मुलगा लोकांच्या पोरांना कडेवर घेऊन फिरायचा."

तिचा जबडा घट्ट झाला. मागच्यांना फक्त पाठ दिसत होती आणि पाठ ताठ होती. डॉक्टरीणबाई, म्हणजे तिसऱ्या परीक्षक, मनोविकारांच्या डॉक्टर आहेत, त्या भराभर लिहीत होत्या.

"तुम्हाला त्या सुनेचा फार राग आहे," ती सावकाश म्हणाली.

"राग? तिनं मारलं त्याला! डॉक्टरांनी कागद आणला. मी तिच्या पाया पडले. म्हटलं, थांब गं, दोन दिवस थांब, माझं लेकरू आहे. आणि तिनं माझ्यासमोर सही केली. फटकन. जशी काही धुलाईच्या वहीत करायची."

हे बोलताना मला खरोखरचं रडू आलं. तोंड विस्कटून, नाक गळून. मागे आर्चडीकननी डोळे टिपले. आणि तेव्हा तिचा चेहरा बदलला. नऊ वर्षं मी चेहरे बघत आले होते, तसा बघितला नव्हता. राग नव्हता त्यात. लहान मूल पडताना बघून होतो तसा काहीसा झाला होता.

"आई," ती म्हणाली, "तो कागद आधी कुणाच्या हातात दिला होता?"

आता सांगते. तुमच्यापासून लपवून काय करू, तुम्ही काही माझे परीक्षक नाही.

कागद आधी माझ्या हातात दिला होता. त्या डॉक्टरांना मी खिडकीतल्या दिवसांपासून ओळखत होते, म्हणून त्यांनी मला दिला. तो कागद काय असतो हे मला पाठ होतं. शेकडो लोकांना मी तो घेऊन कुठल्या खोलीत जायचं ते सांगितलं होतं. पेनही हातात होतं. पण माझ्या हातून सही काही होईना. तेव्हा मी तो हिच्यापुढे सरकवला. म्हटलं, "तू बायको आहेस, तू कर." दोन दिवस थांबू या असं हीच म्हणाली होती. "आई, दोनच दिवस." मी म्हटलं, "त्याचे हाल बघवत नाहीत मला. कर सही. कर म्हणते ना!" आणि तिनं केली. हात इतका कापत होता की नर्सनं कागद खालून धरला. तिसऱ्या दिवशी दफन होतं, आणि जाऊबाईंनी मला विचारलं, असं कसं बंद केलं हो? माझ्या तोंडून निघून गेलं, "हिनं सही केली." एकदा निघालं ते निघालं. ती तिथेच उभी होती. तिनं ऐकलं आणि काही बोलली नाही. त्या दिवशी बोलली असती तर बरं झालं असतं.

"कागद कुणाच्या हातात होता म्हणजे?" मी खोलीत ओरडले. "तू मला खोटं पाडतेस? मेलेल्या मुलाच्या आईला?"

मागे खुर्ची करकरली.

"नाही, आई. खोटं नाही पाडत." तिनं बुटक्या टेबलावरून हात पुढे केला आणि माझ्या हातावर ठेवला. धुलाईच्या पाण्यानं खरबरीत झालेला हात, तो मला झोपेतही ओळखू येईल. "त्या खोलीत 'सही कर' असं कुणी म्हणालं असेल, तर प्रेमानंच म्हणालं असेल. त्यात पाप नव्हतं. आणि असलंच, तर ते फिटलं. सात वर्षांपूर्वीच फिटलं. तुम्ही ते आता उचलून चालू नका."

मला वाटलं, मान हलवावी. नुसती मान. ती वाट बघत होती. मी माझा हात ओढून घेतला. आर्चडीकन म्हणाले, "वेळ संपली." ती उठली, मला वाकून नमस्कार केला आणि गेली.

तिघांनी खुर्च्या माझ्याजवळ ओढल्या. आधी माझं कौतुक झालं. "मावशी, आज तुम्ही कमाल केलीत," प्राचार्य म्हणाले.

आर्चडीकन तापले होते. "कौतुक राहू द्या. या बाईनं रडणाऱ्या आईची उलटतपासणी घेतली. आणि वर, कुणी कबूल न केलेल्या पापाची क्षमा जाहीर केली! डीकनला तो अधिकार तरी आहे का?"

"पण मला वाटलं तिला काहीतरी लागलं होतं हाताला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या. "ती 'कुणी म्हणालं असेल' म्हणाली तेव्हा तुमचा चेहरा पार उतरला होता, मावशी. आणि सात वर्षं हे तिला कसं कळलं? तुम्ही म्हणालात का?"

"म्हणाले की, सुरुवातीलाच. तुम्ही खाली मान घालून लिहीत होता."

"असेल," त्या म्हणाल्या. पण वही बंद केली नाही. "सकाळचे हिचे गुण चांगले आहेत. हे अर्धे मिळाले तर पास, नाही तर नाही. तिसरी वेळ आहे, म्हणजे नाव कायमचं जाईल. म्हणून नीट विचारते. ही तुमची नवी केस. हिच्यात दडलेलं काय होतं? सही आईनंच करायला लावली होती, असं होतं का?"

खोलीत तिघंही माझ्याकडे बघत होते. इतकं सोपं करून माझ्यापुढे कुणी काही ठेवलं नव्हतं. 'हो' म्हणायचं होतं फक्त. त्यांना ती केसच वाटली असती. माझं काही गेलं नसतं, कुणाला काही कळलं नसतं, आणि ती पास झाली असती. केसमध्ये तसंच होतं, एवढंच म्हणायचं. पण मला ती दिसत होती, हात वर करून उभी, आणि मी खाली. तिनं मला क्षमा केली होती. माझ्या घरात राहून, माझी नखं कापून, सात वर्षं मनातल्या मनात मला क्षमा करत बसली होती! कुणी मागितली होती तिच्याकडे?

"नाही," मी म्हटलं. "दडलेलं काही नव्हतं. ती आई जे सांगत होती ते जसंच्या तसं खरं होतं."

"नक्की?"

"नक्की."

डॉक्टरीणबाईंनी वहीत काहीतरी खोडलं. आर्चडीकन म्हणाले, "बघा, मी सांगत होतो." प्राचार्यांनी सुस्कारा सोडला आणि सही केली.

निकाल चार वाजता बाहेरच्या बाकांवर सांगतात. एकेकाला बाजूला घेऊन, हलक्या आवाजात. मी जिन्यावरून बघत होते. प्राचार्य तिच्याशी बराच वेळ बोलले. तिनं दोनदा मान हलवली, मग झग्यावरचा कागद काढला, पीन काढून त्यांच्या हातात दिली आणि त्यांचेच आभार मानले. मग खाली बसली आणि तोंडावर हात घेऊन रडली. सगळ्यांसमोर, आवाज करून. चर्चमधल्या कुणी तिला तसं बघितलं नव्हतं. दोन उमेदवार जवळ जाऊ की नको असं करत उभे राहिले. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. वाटलंही, जिना उतरेपर्यंत.

घरी ती माझ्याआधी पोचली होती. पलंगावर पिशवी उघडी होती आणि ती कपडे घड्या घालून भरत होती. गळ्यातली डीकनची पांढरी पट्टी काढून टेबलावर ठेवली होती.

"कुठे निघालीस?" मी विचारलं.

"धुलाईत राहायच्या खोल्या आहेत. एक रिकामी आहे."

"माझ्यावर चिडून?"

"हो," ती म्हणाली. "मला वाटलं होतं मी चिडणार नाही. पण चिडले. मूल झालं नाही असं म्हणालात तेव्हाही नाही चिडले एवढी. त्यांनी तुम्हाला सरळ विचारलं ना? प्राचार्यांनी मला सांगितलं, आम्ही नीट विचारलं, दडलेलं काही नव्हतं."

"मग जा की बिशपसाहेबांकडे! सांग त्यांना, सासूनं डाव साधला. निकाल रद्द करतील."

तिनं शेवटची साडी पिशवीत दाबली. "नाही जाणार. सांगितलं तर तुमची परीक्षेतली जागा जाईल. ती राहू दे तुम्हाला. दर वर्षी दहा माणसं तिथे येतील, तुमच्या समोर बसतील. त्यांतल्या कुणीतरी विचारलं तर सांगा. मी सात वर्षं थांबले होते, आई. आज विचारलं. परत नाही विचारणार."

"मला नाही सांगायचं कुणाला काही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. माझी संध्याकाळची गोळी तिनं काढून पाण्याच्या भांड्याजवळ ठेवली आणि गेली. आता ती धुलाईची मुकादम आहे. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसते, उपासना संपायच्या आधी उठते. क्षमा जाहीर करायला बाहेरून एक तरुण पाळक आला आहे. त्याचा आवाज चांगला आहे.

ती केस परीक्षकांना फार आवडली होती. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडून ऐकून घेऊन ती टाइप करून घेतली. मशीन, अकरा दिवस, पाया पडणारी आई, सही करणारी सून. दडलेली गोष्ट, काही नाही. बाकीच्या सगळ्या केसेस फुटल्या होत्या, म्हणून दोन वर्षं तीच चालते. मी दर वर्षी दहा वेळा ती सांगते. उमेदवारांना आधीच कळलेलं असतं की या केसमध्ये उकरायचं नसतं, नुसतं ऐकायचं आणि प्रार्थना करायची. कुणी काही विचारत नाही. मी एकाच्या समोर मुद्दाम अडखळले. म्हटलं, "कागद आधी..." आणि थांबले, त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. त्यानं घाईघाईनं पाण्याचा ग्लास पुढे केला.

यंदाचा शेवटचा उमेदवार लाघवी होता. त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले, मऊ हात होते त्याचे, आणि डोळे मिटून म्हणाला, "हे प्रभो, या माउलीनं कुणाचं वाईट केलेलं नाही. तिला तिच्या सुनेला क्षमा करायचं बळ दे." मागे तिघांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं. त्याला दहापैकी साडेनऊ मिळाले.